मॅडम, सरपंच तं आम्ही थेट निवडला

वाचकांच्या प्रश्नांच्या या पानावर यावेळी एकाच ताईची दोन पत्रं आहेत. पहिलं मागच्या पावसाळ्यात आलं, तेव्हा जागा नव्हती म्हणून उत्तर पोस्टानंच पाठवलं होतं. दुसरं आत्ता डिसेंबरात आलं न ते वाचून वाटलं की दोन्ही छापावी. नाव-गाव छापू नका म्हणाली म्हणून नाही छापत, साकोली तालुका, भंडारा जिल्हा एवढं चालते म्हणे. मधात लाखांदूरकडच्या एका वाचकाचा छोटा प्रश्न घातला आहे, तोही याच अंगाचा.

पहिलं पत्र, ऑगस्ट

सर नमस्कार. मी बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड इतिहास आणि मराठी. इंटर्नशिप आमच्या गावापासून सात किलोमीटरवरच्या शाळेत लागली, सहावी ते आठवी, मी न माझी मैत्रीण स्कुटीनं जातो. पहिल्या वर्षी सूक्ष्मपाठात मी पुढे होते, म्हणजे ते छत्तीस मिनिटांचं चक्र असते नं, सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं न काय चुकलं ते सांगणं, बारा मिनिटांत पाठ पुन्हा नीट करा, मग परत सहा न सहा, त्यात प्रश्न कौशल्याला मला चांगले मार्क पडले. पण तिथं समोर आमच्याच मैत्रिणी सहावीच्या पोरी बनून बसायच्या न मला पाहिजे तेच उत्तर द्यायच्या.

खऱ्या सहावीवर पहिला पाठ नागरिकशास्त्राचा होता, ग्रामीण स्थानिक शासन. टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, मी एका सिनिअर ताईच्या फाईलवरून उतरवलं, खोटं कशाला सांगू. फ्लेक्सवाल्याकडून चार्ट छापून आणला, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा तीन रंगीत पायऱ्या, साडेतीनशे रुपये गेले. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, मग मी विचारलं सरपंचाची निवड कोण करते. तिसऱ्या रांगेतला एक पोरगा उभा झाला न म्हणे, "आम्ही." मी म्हटलं नाही बाळा, निवडून आलेले सदस्य आपल्यातून एकाला सरपंच करतात. तर तो म्हणे, "नाही मॅडम, सरपंच तं आम्ही थेट निवडला. माय सांगे का सरपंचाचं बटन अलग होतं न मेंबरचं अलग. माही मोठीमायच हाय नं सरपंच." पूर्ण वर्ग हसला. मी म्हटलं पुस्तकात काय आहे ते लिही, बस खाली. मागं आमचे निरीक्षक सर बसले होते, त्यांनी वहीत लिहिलं, आशयज्ञान वाढवावे, वर्गनियंत्रण कमी. घरी येताना मी स्कुटीवर मागं बसून रडली.

आता आशयज्ञान वाढवावे म्हणजे नेमकं काय करावं, किती पुस्तकं वाचू? माझं बी.ए. मराठी न समाजशास्त्र, भूगोल दहावीनंतर पाहिला नाही, न शाळेत इतिहासवालीलाच भूगोल देतात. पोरांना वाटते हा विषय म्हणजे प्रश्नोत्तरं पाठ करा न लिहा, मला स्वतःलाही कधी कधी तसंच वाटते. सध्या रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू आहे, अर्धा वर्ग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतो न जे येतात ते पेंगतात.

उत्तर

ताई, आधी त्या पोराचा हिशेब मिटवू. पोरगा बरोबर होता. तुमच्या सिनिअर ताईची फाईलही एका वेळी बरोबर होती. आपल्या राज्यात आधी सदस्यच सरपंच निवडायचे, २०१७ ला थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० ला ती बंद करून परत सदस्यांकडे दिली, न २०२२ ला पुन्हा थेट. पाच वर्षांत नियम तीनदा फिरला. म्हणजे तुमचं टाचण न त्याच्या मायचं बटन यांच्यात भांडण नव्हतंच, दोघांची सालं वेगळी होती. ही तीन सालं फळ्यावर लिहून विचारलं असतं की नियम बदलल्यानं गावात काय फरक पडला, तर कोणी पेंगलं नसतं. थेट निवडून आलेला सरपंच एका पार्टीचा न बहुमत दुसऱ्या पार्टीचं, मग ठराव कसा अडकते, हे सहावीचं पोरगं घरी जेवताना रोज ऐकते.

उद्या शाळेत गेल्या गेल्या त्याला वर्गासमोर सांगा की तू बरोबर होता, मी चुकली, न तुझ्यामुळे मी शोधलं तर असं असं निघालं. इज्जत जाईल असं वाटते, जात नाही. २००१ ची गोष्ट, मी वर्गात भिंतीवरचा नकाशा दाखवून गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातलं मोठं गाव असं ठासून शिकवत होतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ लाच वेगळा झाला होता, मला माहीत होतं हो, पण नकाशा जुना न तोंड नकाशाच्या मागं चाललेलं. एक पोरगी उठून म्हणाली, सर माह्या मामाच्या गाडीवर आता नंबर वेगळा येते. तेव्हापासून नकाशा टांगायच्या आधी मी त्याचं साल पाहतो.

सिनिअरच्या फाईलीबद्दल एवढंच म्हणतो की टाचण वाईट नाही, उसनं टाचण वाईट. त्या फायली दहा-दहा वर्षं एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात, जिलेटीनचं कव्हर तेवढं नवीन. त्यात प्रश्नाच्या समोर अपेक्षित उत्तर लिहिलेलं असते, न पोरगं अपेक्षित बोललं नाही की आपली गाडी रुळावरून उतरते. तुम्ही असं करा, टाचण लिहायच्या आधी एक कोरं पान घ्या न त्या घटकावरचे असे प्रश्न लिहा ज्यांचं उत्तर तुम्हाला स्वतःला येत नाही. येते ते लिहू नका. पाच निघाले तरी पुष्कळ. मग ते पाच घेऊन गावात हिंडा.

किती पुस्तकं वाचू म्हणता, तर सध्या क्रमिक पुस्तक न गावचा तलाव एवढं पुरे. साकोली तालुका म्हणजे तलाव असणारच. पाळीवर उभं राहून विचारा याला मामा तलाव काहून म्हणतात. पोरांना वाटते कोणाच्या तरी मामाचा. माजी मालगुजारी, त्याचं झालं मा.मा. मालगुजार म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा, इंग्रजांनी १८६० च्या दशकात त्याला गावाची मालकी लिहून दिली. तलाव मात्र बरेचसे त्याहून जुने, गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले, नवेगावबांधचा तर कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. मग मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्यानं, न तो कायदा कोणत्या राज्याचा? मध्य प्रदेशचा. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो न राजधानी नागपूर होती. १९५६ ला मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. तुमच्या गावात नव्वदीची आजी असेल तर तिनं घर न बदलता मध्य प्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, मुंबई न महाराष्ट्र अशा चार पाट्या पाहिल्या. राज्य पुनर्रचना शिकवायला याच्याहून सोपी सुरुवात मला तरी सापडली नाही.

भूगोलाची भीतीही तिथंच घालवा. तलाव इकडे गावोगावी न अकोला-बुलडाण्याकडे नाहीत, असं काहून? पाऊस एक कारण, आपल्याकडे बंगालच्या उपसागराकडून येणारे पट्टे चांगले बरसतात, वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या घरात, तिकडे आठशेच्या आतबाहेर. दुसरं कारण पायाखाली आहे. काळा बेसाल्ट पश्चिमेकडून येऊन नागपूरजवळ संपतो, सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची, न त्याच्या पूर्वेला आपल्याकडे फार जुना ग्रॅनाइट-नाईससारखा खडक लागतो. त्यात पाणी फारसं मुरत नाही, वाहून जाते, म्हणून अडवा. तिकडे काळी माती ओल धरून ठेवते म्हणून कापूस, इकडे पाणी बांधीत उभं करता येते म्हणून धान. एका वाक्यात अर्धा विदर्भ झाला. नकाशासाठी सर्वे ऑफ इंडियाचा एकास पन्नास हजारचा नकाशा मिळवा, त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तुमचं घर ते शाळा सात किलोमीटर, म्हणजे रस्त्यावर दोरा ठेवून चौदा सेंटिमीटर यायला पाहिजे. आले का पाहा. ज्या रस्त्यानं रोज स्कुटी जाते तो कागदावर ओळखू आला की भूगोल अर्धा जमला, उरलेला अर्धा दिशा.

न नागरिकशास्त्र म्हणजे हा तलाव आता कोणाचा? पाळ फुटली तर अर्ज कोणाला द्यायचा? शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे राज्याकडे, तुमचा कुठं बसते ते पोरांनाच शोधू द्या.

हे सगळं एका तासाला कोंबू नका. मला माहीत आहे मोह होते, निरीक्षक मागं बसले की आपण पोतं रिकामं करतो.

रोवणीला गेलेल्या पोरांचं म्हणाल तर ते परत आले की आधी त्यांना बोलवा. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, किती दिवसांचे असताना उपटले, पाणी कोणाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आलं, मजुरी किती, हे त्यांना येते न तुम्हाला येत नाही. गैरहजेरी लिहायची ती लिहा, पण त्यांचं ऐका.

लाखांदूरकडून एक वाचक विचारतात: टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरला सामाजिक शास्त्राचे ६० मार्क आहेत. गावात फिरून न तलाव पाहून ते ६० मार्क मिळतात का, का क्लास लावू?

नाही मिळत. १५० पैकी ६० हा मोठा वाटा आहे न त्यात सनावळी, खंड, वारे, कलमं सगळं येते, त्याला सहावी ते दहावीची क्रमिक पुस्तकं दोनदा मन लावून वाचा, उजळणीला जुने पेपर सोडवा. क्लासला पैसे असतील तर लावा, नसतील तर अडत नाही. पण एक सांगतो, १८५४ ला नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं न १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे दिलं, ही दोन सालं माझे विद्यार्थी नेहमी उलटी करत. मग मी नागपूरची न अमरावतीची दोन पोरं समोर उभी करून विचारायचो, यांचे खापरपणजे १८५० मध्ये एका राजाच्या राज्यात होते का? तेव्हापासून उलटी नाही झाली. परीक्षेची तयारी एक न वर्गाची तयारी दुसरी, पण डोकं एकच असते नं.

दुसरं पत्र, डिसेंबर

सर, तुमचं पत्र आलं न मी दुसऱ्याच दिवशी त्या पोराला उभं केलं. माझा आवाज कापत होता. मी म्हटलं तू बरोबर होता. तो नुसता मान खाली घालून हसला, न सुटीत येऊन म्हणे, मॅडम, मोठीमायनं विचारलं का तुम्ही ग्रामसभेत येता का. मी गेली. जन्मात पहिल्यांदा ग्रामसभेत गेली सर, माझ्या स्वतःच्या गावच्याही नाही गेली कधी. सकाळची वेळ दिली होती, माणसं जमेनात, कोरम नाही म्हणून तहकूब केली न मग थोड्या वेळानं तीच सभा तेवढ्याच माणसांत झाली. मला काही समजेना.

म्हणून वर्गात तेच घेतलं. आमच्या पटावर ३४ पोरं. म्हटलं ही ग्रामसभा, मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी ते हजर पाहिजेत, काढा कोरम. त्यांनी गणित केलं, पाच पूर्णांक एक आलं. एक पोरगी म्हणे पाच पोरं न एका पोराचा दहावा भाग. दहावा भाग कोणता आणायचा याच्यावर पाच मिनिटं हसणं चाललं, मग ठरलं सहा. मग तीच पोरगी म्हणे, "मॅडम, सहा जणांत सभा होते तं मंग बाकीचे अठ्ठावीस कायले हायेत?" मागून कोणी म्हणालं, "न तहकूब झाली तं सहाही नाही लागत." मला याचं उत्तर टाचणात नव्हतं न मी दिलंही नाही, म्हटलं घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी अकरा उत्तरं आली. एकीच्या आजीनं सांगितलं, सभेच्या दिवशी कामाला गेलो तर मजुरी भेटते, सभेला गेलो तर चहा.

तलावावरही गेलो. पाळीची लांबी पावलांनी मोजली, पोरांची ११२० आली न माझी ८६०, मग पाऊल म्हणजे किती यावर भांडण, टेप आणून प्रत्येकाचं पाऊल मोजलं. नकाशा काढायला लावला तर बत्तीस जणांनी तलाव गावाच्या दुप्पट काढला न स्वतःचं घर तलावाएवढं. उत्तर दिशा सगळ्यांनी कागदाच्या वर काढली, खरी उत्तर शाळेच्या मागच्या भिंतीकडे आहे. मीही पहिल्यांदा तशीच काढली होती सर, तुम्हालाच सांगते. फळा पूर्वेकडे आहे न मी आयुष्यभर समजत आली की फळ्याकडे म्हणजे उत्तर. आता सकाळी शाळेत गेल्यावर पहिले ऊन कुठून येते ते पाहतो सगळे.

मग मालगुजाराच्या गोष्टी गोळा केल्या, म्हातारे-म्हाताऱ्यांना विचारून. एक आबाजी आहेत पंच्याऐंशीच्या वरचे, ते म्हणे मालगुजार देवमाणूस, दुष्काळात कोठार उघडलं, दरवर्षी पाळीवर माती टाकायला पूर्ण गाव एकत्र यायचं. दुसऱ्या टोल्यावरची एक आजी म्हणे, गाव एकत्र यायचं का बोलावलं जायचं? माझ्या मायला वेठीला नेलं, मजुरीच्या नावानं कोंडा दिला. दोन्ही वहीत लिहिलं. वर्गात वाचलं तर पोरं म्हणे खरं कोणतं. न त्यातच एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, तुमचे लोक तं नुसते मासोळ्या धरत होते, तलाव आमच्या लोकांनी बांधला. त्या पोराचं तोंड उतरलं. मी विषय बदलला. ते मला लागून राहिलं आहे.

या वेळी निरीक्षक सरांनी लिहिलं, शैक्षणिक साधनाचा वापर नाही. फ्लेक्स घरी पलंगाखाली आहे. पण खाली लिहिलं, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसात पोरं कमी होती तरी माझ्या तासाला थांबली, हे माझं मीच लिहिते.

प्रश्न तीन आहेत. दोन म्हाताऱ्यांपैकी खरं कोण, मी काय सांगू? त्या मासोळीवाल्या बोलण्याचं काय करायला पाहिजे होतं? न तलावाचं क्षेत्र आम्ही नकाशावर चौकटी मोजून काढलं, साधारण चोवीस हेक्टर आलं, म्हणजे शंभरच्या आत, म्हणजे जिल्हा परिषदेचा, बरोबर नं?

उत्तर

ताई, पत्र दोनदा वाचलं. फळ्याकडे म्हणजे उत्तर हे वाचून मी एकटाच हसलो, माझ्या घरच्या मंडळींनी विचारलं काय झालं.

आधी थोडं रागावतो. चौतीस पोरं घेऊन भरलेल्या तलावावर गेल्या, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली का, सोबत दुसरे शिक्षक होते का, हे पत्रात कुठंच नाही. पावलं मोजायची तर पाणी उतरल्यावर उन्हाळ्यात मोजा, तेव्हा तलावाचं पोटही दिसते, गाळ किती, बेशरमाची झुडपं किती वाढली, कोणी आत धान लावला का. पाळ ओली असली की पाय सरकते, न त्या वयाची पोरं एकमेकाला ढकलल्याशिवाय चालत नाहीत. छात्राध्यापिकेच्या हातून काही झालं तर सगळं तुमच्यावर येईल. पुढं असं नको.

आता दोन म्हाताऱ्यांचं. सातवीच्या न आठवीच्या इतिहासात पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांचा आहे, लिखित, भौतिक, मौखिक, पोरं ती तीन नावं पाठ करून दोन मार्क घेतात न पुढं जातात. तुमच्या हाती तो पाठ जिवंत आला आहे. खरं कोण हे सांगू नका. विचारा की आबाजींचं घर त्या वेळी कुठं होतं, शेती किती होती, आणि आजीच्या मायची किती होती. ज्याच्या घरी कोठारातलं धान आलं त्याला कोठार आठवते, ज्याच्या घरून माणूस नेला त्याला नेणं आठवते. दोघं एकाच पाळीवर माती टाकत होते, पण एक जण टोपलं उचलून देत होता न दुसरी वाहत होती असंही असू शकते. पोरांना इथपर्यंत आणा, पुढं तेच बोलतील.

तोंडी गोष्टीला जोडायला एक कागद सांगतो. आपल्या भागात गावागावाचं निस्तार पत्रक असते, तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या रेकॉर्डमध्ये सापडते. गावच्या लोकांना सरपण, गुरांची चराई, पाणी, मुरूम कुठून घ्यायचा हक्क आहे ते त्यात लिहिलेलं असते. महसूल कायद्यात, १९६६ च्या, त्याची सोयही आहे. गडचिरोलीत मेंढा लेखा या गावानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २००९ ला, न त्यानंतर स्वतःचा बांबू स्वतः विकला. अशा दाव्यात जुने निस्तारचे कागदही पुरावा म्हणून लागतात. म्हणजे तो कागद मेलेला नाही. तलाठी आप्पा पहिल्या खेपेला देणार नाहीत, तिसऱ्या खेपेला देतात, मोठीमायला सोबत घेऊन जा, सरपंच आहे म्हटल्यावर दुसऱ्याच खेपेला मिळेल.

मासोळीच्या बोलण्यावर तुम्ही विषय बदलला, पहिल्या वर्षात मीही तेच केलं असतं. पण ते पोरगं घरी गेलं असेल न जेवलं नसेल. अजून वेळ गेली नाही. त्याला एकट्याला बोलावून सांत्वन करू नका, त्यानं ते अजून लहान होते. वर्गालाच काम द्या की तलावावर कोणाचं काय काम चालते त्याची यादी करा. पाळ बांधणारे कोहळी, हे खरं. पण पाणी किती खोल, कुठं गाळ बसला, कोणत्या महिन्यात कोणती मासोळी वर येते, हे ढिवरांच्या घरात माहीत असते, दुसऱ्या कोणाला नाही. मच्छीमार सोसायटी तलाव ठेक्यानं घेते तेव्हा पैसे कुठं भरते ते त्याच्या बापाला विचारून आणायला सांगा, न ते त्यालाच फळ्यावर लिहू द्या. माती कोणी टाकली याच्याही यादीत आजीच्या मायचं नाव येते का पाहा. एक मात्र सांभाळा, जातीचं नाव घेऊन कोणाला उभं करू नका. कामाचं नाव घ्या.

गोसीखुर्दकडची, पवनीच्या बाजूची पोरं तुमच्या वर्गात असतील किंवा कोणाचा मामा तिकडचा असेल तर धरणाचा पाठ घेताना हीच गोष्ट लक्षात ठेवा. वैनगंगेवरच्या त्या धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं, पुस्तकात सिंचन, वीज, फायदे अशी रांग असते. ज्याचं गाव बुडालं त्याच्यासाठी तो पाठ वेगळा असते, त्याला आधी बोलू द्यायचं का गप्प राहू द्यायचं हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवा, याचं टाचण होत नाही.

निरीक्षकांच्या शेऱ्याचं मनाला लावून घेऊ नका, पण पुढच्या पाठाला फळ्याच्या कोपऱ्यात पोरांनी काढलेला एक नकाशा टाचणीनं लावा न वहीत शैक्षणिक साधन, विद्यार्थीनिर्मित नकाशा, असं लिहा. त्यांनाही रकाना भरावा लागते बिचाऱ्यांना. फ्लेक्सची मागची पांढरी बाजू नकाशा काढायला चांगली आहे, साडेतीनशे वसूल होतील.

आता तिसरा प्रश्न, न इथं चूक माझी आहे. मागच्या उत्तरात मी शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे असं घाईत लिहिलं. ते शंभर हेक्टर पाण्याचं क्षेत्र नाही. त्या तलावाच्या पाण्यानं जेवढी शेती भिजते, म्हणजे सिंचन क्षमता, ती शंभर हेक्टर. तुम्ही पाणी मोजलं, मोजायच्या होत्या बांध्या. चोवीस हेक्टरचा तलाव आहे म्हणून तो आपोआप शंभरच्या आत बसला असं होत नाही. पोरांना माझं नाव घेऊन सांगा की सरांनी अर्धवट लिहिलं होतं. मग रोवणीला जी पोरं गेली होती त्यांना पुढं करा, पाट कुठून निघते, कोणाच्या बांधीपर्यंत पाणी पोचते न कोणाच्या धुऱ्याशी येऊन थांबते, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. एकेका शेताचं क्षेत्र सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्येच असते, घरोघरचे सातबारे आणून बेरीज करा न आकडा मला कळवा. शेवटची बांधी कोणाची निघाली तेही लिहा, तिथवर पाणी खरंच जाते का हे मला पाहायचं आहे.